पोकळ लोखंडाचा भरीव हिशेब



लेकीसाठी दोन ग्रॅमचे मणी घ्यायचे असले, तरी घरची चार माणसे सराफाच्या काट्यावर डोळे लावून बसतात. बाजारात पावशेर मिरची घेताना भाजीवालीचा काटा नीट स्थिरावला की नाही, हे आपण निरखून पाहतो. दूध डेअरीवर तर पन्नास मिलिलिटरवरून वाद होतो. पण हेच आपण गोठ्यासाठी पाचशे किलो लोखंड घ्यायला गेलो, की काय म्हणतो? "वीस नग द्या. भरा ट्रॉलीत." संपला व्यवहार! वजन किती, जाडी किती, काही विचारणे नाही.

असे का होते, याचा मी पुष्कळ विचार केला. पूर्वी आपले गोठे लाकडाचे असत. बाभळीच्या मेढी, सागाचे किंवा बांबूचे वासे आणि वर पाचट नाहीतर कौले. लाकूड पारखणारी माणसे घरोघरी होती. माझे सासरे वाशावर बोटाने टिचकी मारून तो आतून किडका आहे की निरोगी, हे सांगत. आता लाकूड महागले, मिळेनासे झाले आणि त्या जागी लोखंडी पाइप आले. गोठा पाइपाचा, शेडनेटचा सांगाडा पाइपाचा, द्राक्षाच्या मांडवाला पाइप, पाण्याच्या टाकीचा घोडा पाइपाचा. वस्तू घरात आली, पण ती पारखण्याची रीत काही तिच्याबरोबर आली नाही. पाइपावर टिचकी मारून काही कळत नाही. तो रंगवलेला असतो, सरळ असतो आणि सगळे पाइप बाहेरून सारखेच दिसतात. त्याची खरी ताकद त्याच्या भिंतीच्या जाडीत असते, आणि ती जाडी सांगणारा साक्षीदार म्हणजे त्याचे वजन.

हे वजन दुकानात जायच्या आधी घरबसल्या काढता येते. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. घरात आठवी-दहावीचे पोर असले तरी पुरे. आमच्या घरी हे कसे घडले ते सांगते.

२०२३ साली आम्ही गोठा बांधायचे ठरवले. दोन गाई, एक म्हैस आणि पाच-सहा शेळ्या. आमचा भाग उघड्या माळाचा. वैशाखात वळवाचा पाऊस येतो तो आधी वारे घेऊन येतो, आणि ते वारे पत्र्याखाली शिरले की छप्पर उचलू पाहतात. म्हणून सांगाडा मजबूत हवा, एवढे सगळ्यांना मान्य होते. पैशाची सोय म्हणाल, तर मी बचत गटातून पन्नास हजार उचलले. उरलेले कारभाऱ्यांनी सोयाबीनच्या पट्टीतून घातले. गटाचे कर्ज म्हणजे दहा बायकांच्या विश्वासाचे पैसे. हप्ता चुकला तर बँकेचा माणूस दारात येत नाही. शेजारची मैत्रीण येते, आणि ते जास्त जड जाते.

वेल्डरने यादी दिली. खांबांना दोन इंची मध्यम पाइप, पाच नग. कैच्या आणि आडव्या पट्ट्यांना पन्नास बाय पन्नासचा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप, वीस नग. प्रत्येक नग सहा मीटरचा. दुकानदाराने चिठ्ठीवर नगाचा भाव लिहून दिला. वजन कुठेच नव्हते.

लेक तेव्हा दहावीत होती. महत्त्वमापनाचा धडा नुकताच झालेला. ती चिठ्ठी पाहून म्हणाली, "आई, लोखंड किलोने विकतात ना? मग यात किलो कुठे आहेत?"

तिने ज्या पद्धतीने हिशेब केला, तीच पद्धत तुमच्यासाठी लिहिते.

सगळ्याचे मूळ एका आकड्यात आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड असा पोलादाचा पत्रा तोलला, तर तो ७ किलो ८५० ग्रॅम भरतो. तेवढा ७.८५ हा आकडा लक्षात ठेवा. पत्रा दोन मिलिमीटर जाड असेल तर वजन दुप्पट, रुंदी निम्मी असेल तर वजन निम्मे. याच्यापुढे नवे काही नाही.

आता पाइप म्हणजे काय? चपातीची सुरळी उलगडली तर सपाट चपाती होते, तसा पाइप उभा चिरून उलगडला तर एक लांब पट्टी होते. आपल्याकडे मिळणारे बहुतेक पाइप कारखान्यात असेच, पट्टी वळवून आणि सांधा जोडून करतात. आत डोकावले तर तो सांधा दिसतोही. तेव्हा प्रश्न एवढाच, की ती पट्टी किती रुंद?

चौकोनी पाइपाला हे सोपे आहे. बाजू ५० मिलिमीटर, जाडी २. बाजूतून जाडी वजा करा, राहिले ४८. अशा चार बाजू, म्हणजे पट्टीची रुंदी १९२ मिलिमीटर, म्हणजेच ०.१९२ मीटर. जाडी वजा का करायची? तर चारही बाजू पूर्ण धरल्या की कोपऱ्यांचे लोखंड दोनदा मोजले जाते. आता ०.१९२ गुणिले २ गुणिले ७.८५. उत्तर आले ३.०१ किलो. हे एका मीटरचे वजन. सहा मीटरच्या नगाचे झाले १८ किलो. प्रत्यक्षात कोपरे गोल असतात, त्यामुळे नगामागे अर्धा किलो कमी भरेल. म्हणजे साडेसतरा धरा.

लांबट चौकोनी पाइप असेल, तर दोन्ही बाजूंतून जाडी वजा करायची, बेरीज करून दुप्पट करायची, पुढचे तेच. उदाहरणार्थ ५० बाय २५ चा, २ मिलिमीटरचा पाइप. ४८ आणि २३ मिळून ७१, दुप्पट १४२. म्हणजे ०.१४२ गुणिले २ गुणिले ७.८५, बरोबर २.२३ किलो मीटरला.

गोल पाइपात बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करून ३.१४ ने गुणायचे. दोन इंची मध्यम पाइपाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर आणि जाडी ३.६ असते. ६०.३ वजा ३.६ म्हणजे ५६.७. त्याला ३.१४ ने गुणले की १७८ मिलिमीटर, म्हणजे ०.१७८ मीटर रुंदीची पट्टी झाली. गुणिले ३.६, गुणिले ७.८५. मीटरला ५.०३ किलो, आणि नगाला ३० किलो.

तुमच्या गावातल्या गवंड्याला याहून सोपा रस्ता माहीत आहे. भरीव सळईचे वजन काढताना तो व्यासाचा वर्ग करतो आणि १६२ ने भागतो. मिलिमीटरमध्ये व्यास घेतला, की मीटरचे किलो मिळतात. तोच हिशेब पाइपाला दोनदा करायचा. बाहेरच्या व्यासाची भरीव सळई धरा आणि तिच्यातून पोकळीएवढी सळई वजा करा. दीड इंची मध्यम पाइपाचा बाहेरचा व्यास ४८.३ आणि जाडी ३.२, म्हणून आतला व्यास ४१.९. पहिल्या आकड्याचा वर्ग भागिले १६२ म्हणजे १४.४०, दुसऱ्याचा १०.८४. वजाबाकी ३.५६ किलो. पट्टी उलगडूनही हेच उत्तर येते. ताळा पाहायला ही रीत फार चांगली.

याच ठिकाणी सासूबाईंनी एक शंका काढली. "अगं, पोकळ पाइप घ्यायचाच कशाला? भरीव गज घ्यावा, निदान फसवणूक तरी नाही." शंका रास्त होती. पण ३.५६ किलो मीटरला भरणारी भरीव सळई घ्यायची, तर ती फक्त २४ मिलिमीटर जाडीची होते. वजन तेच, पैसे तेच. पण वाकण्याला तो दीड इंची पाइप त्या सळईच्या सातपट विरोध करतो. कारण लोखंड मध्याशी गोळा न होता कडेला पसरलेले असते. बांबू पोकळ असून वाऱ्यात टिकतो, गव्हाची काडी पोकळ असून ओंबी पेलते, ते याचमुळे. पोकळपणा हा पाइपाचा दोष नाही. मात्र त्याची भिंत पातळ निघाली, तर सगळेच मुसळ केरात!

असो. हिशेबाचा कागद घेऊन आम्ही तिघे दुकानात गेलो. मी, कारभारी आणि धाकटे भाऊजी. दुकानदाराचे नाव सांगण्याचे कारण नाही, माणूस वाईट नाही. भाऊजी वाटेतच म्हणाले, "वहिनी, पंधरा वर्षांचा संबंध आहे. कागद काढून बसलात तर त्यांना वाटेल आपण चोर म्हणतोय."

मी म्हटले, "भाऊजी, डेअरीवर आपलं दूध मोजतात तेव्हा ते आपल्याला चोर म्हणतात का?"

दुकानात मी एवढेच विचारले, की एक चौकोनी नग काट्यावर ठेवाल का? पोऱ्याने ठेवला. काटा थांबला साडेचौदा किलोवर. माझ्या कागदावर साडेसतरा ते अठरा होते.

आता साडेचौदा किलोवरून जाडी कशी काढायची, तेही सांगून टाकते. साडेचौदा भागिले सहा, मीटरला २.४२ किलो. चार बाजूंची बेरीज २०० मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जाडीची पट्टी असती तर मीटरला ०.२ गुणिले ७.८५, म्हणजे १.५७ किलो भरली असती. २.४२ भागिले १.५७ म्हणजे १.५४. बाजूतून जाडी वजा केलेली नाही आणि कोपरेही गोल आहेत, म्हणून खरी जाडी किंचित जास्त, १.६ मिलिमीटरच्या आसपास. दोनचा भाव लावून १.६ चा माल!

नगामागे साडेतीन किलोपर्यंतचा फरक. वीस नगांचे सत्तर किलो. किलोला सत्तर रुपये धरले तर ४,९०० रुपये. खुरपणीची मजुरी दिवसाला तीनशे धरली, तर एका बाईचे सोळा दिवस उन्हात वाकणे. मी तो आकडा मोठ्याने म्हटला नाही, पण मनात तोच होता.

दुकानदार हसून म्हणाले, "वहिनी, बाजारात दोन एमएम म्हणजे हीच. सगळे हीच नेतात."

कारभारी इतका वेळ गप्प होते. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, मग चिठ्ठीवर १.६ लिहा आणि किलोचा भाव लावा. नाहीतर खरी दोनची द्या. दोन्हींतलं काहीही चालेल, पण लिहिलेलं आणि दिलेलं एक असू द्या."

शेवटी खरा दोन मिलिमीटरचा माल दोन दिवसांनी मागवून मिळाला. त्याला जास्त पैसे लागले, आणि ते आम्ही खळखळ न करता दिले. बिलावर माप, जाडी आणि वजन लिहून घेतले. भाऊजी घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचे म्हणणे अजूनही असेच आहे, की हे सगळे फोनवर गोडीत झाले असते. मला तसे वाटत नाही. पण त्यांच्या म्हणण्यातली एक गोष्ट मी मान्य करते: माल ट्रॉलीत भरल्यावर भांडण्यापेक्षा भाव ठरतानाच वजन विचारावे. त्यात कुणाचाच अपमान नाही.

आता तुम्ही म्हणाल, किलोनेच घेतले तर फसण्याचा प्रश्न कुठे? पैशाच्या बाबतीत खरे आहे. पातळ पाइप घेतला तर पैसेही कमी द्याल. पण सांगाड्याचे काय? १.६ चा पाइप दोनच्या पाइपापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी ताकदीचा असतो. शिवाय गोठ्यात शेण, मूत आणि ओल. गंज दोन्ही पाइपांना सारखाच लागतो, पण पातळ भिंत लवकर संपते. म्हणून नगाने घेतलात तर वजन तपासा, आणि किलोने घेतलात तर जाडी तपासा.

बाजारातले काही शब्दही माणसाला चकवतात. ते समजून घ्या.

पहिला शब्द इंच. गोल पाण्याचा पाइप "दीड इंची" म्हणजे त्याचा बाहेरचा व्यास दीड इंच नसतो. ते पोकळीचे जुने नाव आहे. बाहेरून एक इंचीचा व्यास ३३.७ मिलिमीटर, दीड इंचीचा ४८.३ आणि दोन इंचीचा ६०.३. टेपने व्यास नीट मोजता येत नसेल, तर पाइपाभोवती दोरा एकदा गुंडाळा, तो सरळ करून मोजा आणि ३.१४ ने भागा.

दुसरा शब्द गेज. दुकानात १४ गेज, १६ गेज, १८ गेज असे म्हणतात. इथे आकडा वाढला की जाडी कमी होते! १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, १६ गेज १.६ आणि १८ गेज १.२. "अठरा गेजचा देतो, चौदापेक्षा भारी" असे कुणी म्हणाले, तर नुसते हसा. गवंडी सुतात बोलतात, वेल्डर गेजात, बिल मिलिमीटरमध्ये. तुम्ही मिलिमीटरवरच अडून राहा.

तिसरा शब्द वीस फूट. सहा मीटर म्हणजे १९ फूट ८ इंच. वीस फुटी म्हणून घेतलेल्या नगात चार इंच कमी निघाले तर ती लबाडी नव्हे. पण तो १८ फुटी निघाला तर आहे. टेप खिशात ठेवावा.

भारतीय मानकाच्या गोल पाइपावर रंगाचा पट्टा असतो. हलक्याला पिवळा, मध्यमाला निळा, जडाला तांबडा. या तिन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच असतो, फरक भिंतीत. दोन इंचीचा सहा मीटरचा नग हलक्या वर्गात साडेचोवीस किलोच्या आसपास, मध्यमात तीस आणि जडात सदतीस किलो भरतो. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही, काट्याला दिसतो. या गोल पाइपांचे मानक आयएस १२३९, आणि चौकोनी पाइपांचे आयएस ४९२३. तो क्रमांक आणि आयएसआयचे चिन्ह पाइपावर छापलेले आहे का, ते पाहा.

मात्र एक सांगते, दुकानदाराशी न्यायाने वागा. हिशेबातले वजन आणि काट्यावरचे वजन तंतोतंत जुळत नाही. कारखान्यातून निघताना जाडीत थोडे कमीजास्त होते, आणि मानकानेच तेवढी मुभा दिलेली असते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप थोडा जडही भरतो. तेव्हा अठरा किलोच्या जागी सतरा भरले म्हणून तंटा करू नका. साडेचौदा भरले तर मात्र गप्प बसू नका. काट्यावर वैधमापन खात्याची मुद्रा आहे ना, तेही बघा. एका नगावर विश्वास ठेवण्यापेक्षा सगळा माल एकदम तोलला तर उत्तम. वजनकाट्यावर ट्रॉली आधी रिकामी आणि मग भरलेली तोलावी, म्हणजे बोलायला जागा राहत नाही.

आणखी एक. कुठल्या छपराला किती जाडीचा पाइप लागतो, हे ठरवणे जाणत्याचे काम. किती लांबीचा गाळा, किती वारा, पत्र्याचा किती भार, हे पाहून तो सांगेल. त्याने सांगितलेलीच जाडी आपल्या दारात उतरली की नाही, हे पाहणे आपले काम. आणि गोठा उभा राहिल्यावर पाइपांची उघडी तोंडे बंद करून घ्या, नाहीतर पाणी आत साचून तो आतून गंजतो. खांबाचा पाया जमिनीच्या वर काँक्रीटमध्ये उचलून घ्या, म्हणजे शेणमुताचे पाणी पाइपाशी थांबत नाही.

भगिनींनो, दुकानात मोजमाप विचारणे हे पुरुषांचे काम, असे आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटते. पण हप्ता आपण भरतो, आणि पाऊस आला की गुरे आपणच आत घेतो. मग छप्पर कशावर उभे आहे, हे आपल्याला ठाऊक नको का?

तेव्हा हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर एवढे लिहून ठेवा. पत्रा एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड: ७.८५ किलो. चौकोनी पाइप: बाजू वजा जाडी, गुणिले चार. गोल पाइप: व्यास वजा जाडी, गुणिले ३.१४. ती झाली पट्टीची रुंदी. ती मीटरमध्ये घेऊन जाडीने आणि ७.८५ ने गुणा. आज रात्री जेवणे झाली, की मुलांना घेऊन बसा आणि दारातल्या एखाद्या पाइपाच्या तुकड्यावर करून पाहा. तुकडा तोलून ताळा घ्या. एकदा जमले, की पुढच्या वेळी दुकानात जाताना तो कागद तुमच्या पिशवीत असेल.